पक्कंताईंचा मंगळवार

पक्कंताईंना स्वतःसाठी काही नको असतं, असं त्यांच्या घरात सगळ्यांचं मत होतं, आणि ते चारचौघांत मोठ्या कौतुकाने बोलून दाखवलं जाई. वाढदिवसाला काय आणू, असं सुनेने विचारलं की ताई म्हणत, "मला काय करायचंय? आहे की सगळं." मग सून उशांचे अभ्रे आणत असे. मुलगा नोकरीला लागला तेव्हा त्याने आईसाठी मिक्सर आणला. ताईंनी दोन्ही वेळा तोंड भरून कौतुक केलं. जिला काही नको असतं तिच्या वाट्याला अभ्रे आणि मिक्सरच येणार, यात घरच्यांचा तरी काय दोष?

खरं सांगायचं तर ताईंना बरंच काही हवं असे. आणि ते त्या मिळवतही होत्या, फक्त कोणाला कानोकान खबर न लागू देता.

ताई एका मोठ्या रुग्णालयात कामाला होत्या. वरच्या मजल्यांवर ऑपरेशनं होत. त्या ऑपरेशनांची हत्यारं धुऊन, वाफवून, जंतूंचा निकाल लावून पुन्हा वर पाठवायचं काम तळघरात चाले, आणि तळघर ताईंचं होतं. कात्र्या, चिमटे, पकडी एकेक करून मोजायच्या, भिंगाखाली त्यांच्या खाचा तपासायच्या, दुहेरी गुंडाळायच्या, वर पट्टी चिकटवायची, तारीख घालून सही करायची आणि गठ्ठा वाफेच्या यंत्रात सारायचा. बाहेर आल्यावर पट्टीवरच्या फिक्या रेघा काळ्या पडलेल्या दिसल्या पाहिजेत, तरच वाफ पुरेशी बसली. त्या दिसल्या की ताई गठ्ठ्यावर तळहात ठेवून म्हणत, "पक्कं." एकतीस वर्षं हेच म्हटल्यामुळे त्यांचं नाव पक्कंताई पडलं होतं. मोठमोठे सर्जन, जे घरी बायकोचं आणि बाहेर कोणाचंच ऐकत नसत, तेसुद्धा कात्री हातात घेण्याआधी विचारत, "ताईंनी बघितलंय ना?"

या खात्याचा एक नियम होता. नखं बोटांच्या आत कापलेली हवीत आणि त्यांवर रंगाचा टिपूसही नको. दर सोमवारी हेड सिस्टर तळघरात येऊन शाळेतल्यासारखे सगळ्यांचे हात पुढे करायला लावत. ताईंचे हात एकतीस वर्षांत एकदाही नापास झाले नव्हते. पायांबद्दल मात्र नियमावलीत अवाक्षर नव्हतं. बूट बंद, बुटांत मोजे, आणि मोज्यांच्या आत डोकवायला कोण येतंय?

तर पक्कंताई पायांच्या नखांना रंग लावत. असातसा नाही, ऋतू बघून. उन्हाळा लागला की मोत्यासारखा फिका, जवळजवळ नसल्यासारखा. पावसाळी दिवसांत गडद निळा. झाडांची पानं झडायला लागली की विटकरी. आणि थंडी पडली की काळपट लाल, इतका गडद की दिव्याखाली धरल्याशिवाय लाल आहे हे कळू नये. या काळपट लालसाठी ताई वर्षभर थांबत. तळघरात हिरव्या गाऊनमध्ये, डोक्यावर कागदी टोपी, तोंडावर मास्क, हात उघडेबोडके, अशा उभ्या असताना बुटांच्या आत दहा बोटं काळपट लाल आहेत, हे त्यांना एकट्यांना ठाऊक असे. हेड सिस्टर समोर ओरडत असल्या तरी ताईंचा चेहरा शांत राही. लोकांना वाटे, बाई फार समजूतदार आहे.

रंगाच्या बाटल्या घरात एका पत्र्याच्या डब्यात असत. डब्यावर चिठ्ठी होती, "सुटी बटणं". सुट्या बटणांचा डबा आपणहून उघडेल असा माणूस अजून जन्माला यायचाय.

दुसरा नाद रहस्यकथांचा. नव्या, गोळीबाराच्या नव्हेत. जुन्या, सावकाश चालणाऱ्या. मोठं घर, पाऊस, आठ पाहुणे, त्यातला एक सकाळी जेवणाच्या टेबलावर येत नाही. मग सगळे एकमेकांकडे संशयाने बघत लोणी लावलेला पाव खातात, आणि शेवटी तो हुशार गृहस्थ सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून एकेकाचं पितळ उघडं पाडतो. अशी पिवळी पडलेली, पानं सुटलेली पुस्तकं ताई रद्दीच्या दुकानातून वेचून आणत. पट्टीवरच्या रेघा काळ्या झालेल्या बघून त्यांना जो आनंद होई, तोच आनंद खुनी सापडल्यावर होई. म्हणजे एका अर्थी त्या सुटीच्या दिवशीही खात्याचंच काम करत होत्या.

सुटीचा दिवस मंगळवार. मंगळवारी मुलगा-सून कामावर जात, ताईंचे यजमान कचेरीत जात. भांडी आवरली की ताई मागच्या खोलीत खुर्चीवर बसत, समोरच्या स्टुलावर पाय ठेवत, रंग लावत, आणि रंग वाळेपर्यंत वाचत. रंग वाळायला वीस मिनिटं लागतात. ताईंचा तासभर वाळे.

आता हे लपवायचं कशाला, असं कोणी विचारेल. त्यासाठी यजमानांची ओळख करून घ्यायला हवी.

यजमान विमा कंपनीत दावे तपासनीस होते. कोणाचं गोदाम जळालं, कोणाचा बैल मेला, कोणाचा हात यंत्रात गेला की हे जात, डोळ्यांत तेल घालून बघत, आणि गोदामाला आग लावणारा गोदामाचा मालकच आहे हे वहीत लिहून परत येत. त्यांच्या धंद्यातला पहिला प्रश्न एकच होता, यात फायदा कोणाचा? चौतीस वर्षं तो विचारून विचारून त्यांच्या अंगात मुरला होता. माणूस वाईट नव्हता. फक्त साधी गोष्ट साधी असू शकते, हे त्याला पटत नसे.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी, ताई आठवड्याच्या रजेवर असताना, त्यांनी हाताच्या बोटांना गुलाबी रंग लावला होता. तपासनिसांनी चहाचा कप घेता घेता बोटं पाहिली आणि विचारलं, "हे कोणासाठी?" संशयाने नव्हे, सवयीने. ताईंनी खूप आठवून पाहिलं. कोणासाठीच नव्हतं. पण "कोणासाठीच नाही" हे उत्तर इतकं खोटं वाटतं की त्यांना ते देता येईना. त्यांनी संध्याकाळी रंग पुसून टाकला आणि पुढे पायांवर आल्या.

पुस्तकांचं तर विचारूच नका. तपासनिसांनी टेबलावरचं पुस्तक उचलायचं, चहा होईपर्यंत तीसेक पानं चाळायची आणि म्हणायचं, "तो डॉक्टर." ताई अजून पान बारावर असत. आणि माणूस कधी चुकत नसे, हा खरा त्रास. ताईंचे दीडशे पानांचे तीन खून असे त्याने चहाच्या आधणात संपवले. वर म्हणे, "तुझा वेळ वाचवला." ताईंनी त्याच्यासमोर वाचणं सोडलं, आणि बायकोचा तो नाद सुटला असं त्याने वहीत न लिहिताच मानून टाकलं.

अशी सत्तावीस वर्षं मंगळवारने सांभाळून नेली. मग तपासनीस निवृत्त झाले.

निवृत्त माणूस घरात बसतो म्हणजे काय होतं, हे ज्यांच्या घरात बसला आहे त्यांना सांगायला नको. पहिला महिना तपासनिसांनी झोप काढली. दुसऱ्या महिन्यात वही काढली. बिस्किटाचा पुडा कोणी उघडा ठेवला, न्हाणीघरातला दिवा कोणी घालवला नाही, सुनेच्या छत्रीची काडी कधी मोडली, अशी प्रकरणं रोज चौकशीला निघू लागली. मुलाने एकदा सकाळी सात वाजता कबुलीजबाब दिला की बिस्किटं त्याने खाल्ली. तपासनीस म्हणाले, "माहीत होतं. तू सांगतोस का ते बघत होतो."

आणि मंगळवारी ते दिवसभर घरात. रंग गेला असता तरी चाललं असतं, पुस्तकं गेली असती तरी त्यांनी कदाचित सोसलं असतं. पण तो तास गेला तर आठवड्याच्या सात दिवसांत आपलं म्हणावं असं काही उरणार नव्हतं. तो तास वाचवायचा, एवढं एकच त्यांनी ठरवलं.

त्यांनी जुळवाजुळव केली. मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचं, "जरा पडते" असं सांगून. घरातही मोजे घालायचे, फरशी गार लागते म्हणून. आणि पुस्तकाला वेष्टण. रुग्णालयात लोकांना फुकट वाटायची पुस्तकं पडलेली असत. त्यातलं 'मधुमेहींनो, पावलं जपा' हे पुस्तक अगदी रहस्यकथेच्या मापाचं होतं. ताईंनी त्याचं वेष्टण काढून खुनांवर चढवलं. हे पुस्तक तपासनीस चाळायला घेणार नाहीत याची त्यांना खात्री होती. एकतीस वर्षं गठ्ठ्यांवरच्या पट्ट्या तपासणाऱ्या बाईने स्वतःची पट्टी मात्र न तपासता चिकटवली.

तीन आठवडे सुखाने गेले. थंडी पडली, काळपट लालचा मोसम आला. घरात मात्र काहीतरी बदललं होतं. तपासनीस चहा स्वतः करू लागले. ताईंच्या कपात साखर कमी लागू लागली, मग लागेनाशीच झाली. "साखर संपलीय का?" असं ताईंनी विचारलं तर ते म्हणाले, "चहाची खरी चव साखरेशिवाय." जो माणूस जन्मभर दोन चमचे घालून तिसऱ्याची वाट बघत आला, तो हे म्हणत होता. ताईंना शंका यायला हवी होती. पण त्यांच्या पुस्तकात तेव्हा दुसरा खून नुकताच झाला होता.

मग एका रविवारी सकाळची पाळी संपवून ताई घरी आल्या. दार उघडलं तर बाहेरच्या खोलीत खुर्च्या अर्धगोल मांडलेल्या. एकीवर मुलगा, एकीवर सून, मधली रिकामी. खिडकीकडे पाठ करून तपासनीस उभे, हातात वही.

ताई उंबऱ्यातच थांबल्या. हा देखावा त्यांनी दीडदोनशे वेळा वाचला होता. शेवटचं प्रकरण. त्या जाऊन रिकाम्या खुर्चीवर बसल्या आणि सवयीने मनात खुनी शोधू लागल्या. सून खाली बघत होती. मुलाच्या हातात रुमाल होता. छत्रीचं काहीतरी असेल, त्यांनी ताडलं.

"मी जे बोलणार आहे," तपासनीस म्हणाले, "ते कोणाला दुखवायला नाही. पण या घरात एक गोष्ट लपवली जातेय."

ताईंच्या मोज्यांतली दहाही बोटं आक्रसली.

"पहिला मुद्दा. ती घरात मोजे काढत नाही. थंडी असो, ऊन असो. आधी नव्हती ही सवय. दुसरा मुद्दा, मंगळवारी दार लावून बसते. मी दाराशी गेलो तर एक वास येतो. गोडसर, डोक्यात जाणारा. हा वास मला माहीत आहे. एका दाव्यात वाचलं होतं, साखर फार वाढली की माणसाच्या श्वासाला असाच वास येतो. तिसरा मुद्दा." त्यांनी खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत कापसाचे तीन बोळे होते, काळपट लाल डाग पडलेले. "हे कचऱ्याच्या डब्यात तळाशी, कागदात गुंडाळून होते. ती पायाची जखम पुसते आहे. आणि चौथा." त्यांनी वही मिटली. "उशीखालचं पुस्तक. मी उघडलं नाही. दुसऱ्याचं खाजगी मी उघडत नाही. पण वरचं नाव वाचलं."

सुनेने डोळ्यांना पदर लावावा तसा बाहीचा काठ लावला. मुलगा म्हणाला, "आई, तू आम्हाला का नाही सांगितलंस?"

आणि पक्कंताई काय करत होत्या? खरं सांगायला त्यांनाच नंतर लाज वाटली, पण त्या क्षणी त्या मनातल्या मनात दाद देत होत्या. मोजे, वास, कापूस, पुस्तक. एकही धागा सुटा नव्हता. सगळं एकमेकांत चपखल बसत होतं आणि सगळं साफ चुकीचं होतं. इतकी देखणी चूक त्यांनी कुठल्याही पुस्तकात वाचली नव्हती. आणि हा माणूस पुस्तकं मात्र तिसाव्या पानावर बरोबर ओळखत होता.

मग त्यांच्या लक्षात आलं की उत्तर त्यांच्या हातात आहे. फक्त मान खाली घालायची. मधुमेह झालेल्या बाईने दार लावलं तर कोणी ठोठावत नाही. मोजे काढ म्हणत नाही. वास आला तरी विचारत नाही. तो तास जन्मभरासाठी पक्का झाला असता, अगदी गुंडाळून, पट्टी लावून. त्या बदल्यात साखर सोडायची. ताईंनी साखरेचा हिशेबसुद्धा करून पाहिला, दिवसाला चार चमचे. जमण्यासारखं होतं.

"अगं, माझ्या आईचा पाय आठव," तपासनीस म्हणाले. "तिनंही असंच लपवलं होतं. मोजे घालून. आम्हाला कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, घोट्यापासून काढावा लागेल. मी पट्ट्या बदलायचो तिच्या. तुला माहितीये."

ताईंना माहीत होतं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाई कुबडी घेऊनच हिंडत. ताई उठल्या आणि त्यांनी तपासनिसांच्या हातातली वही घेतली. त्यांना वाटलं होतं, आत मुद्दे असतील. आत तीन आठवड्यांच्या तारखा होत्या, आणि प्रत्येक तारखेपुढे बारीक सरळ अक्षरात एकच ओळ. "आज लंगडली नाही." "आज लंगडली नाही." एका दिवसापुढे, "जिना उतरताना कठडा धरला. मला झोप नाही." त्या दिवशी ताईंच्या हातात दळणाची पिशवी होती, म्हणून धरला होता कठडा.

त्यांना रडू आलं. राग आला होता, हसूही येत होतं, पण त्या सगळ्याच्या वर रडू आलं. तीन आठवडे हा माणूस बिनसाखरेचा चहा पीत, खिडकीशी उभा राहून, आपली चाल बघत होता. आणि आपण आतल्या खोलीत आठ पाहुण्यांतला खुनी शोधत होतो. ताई पुन्हा खुर्चीत बसल्या, वाकल्या आणि त्यांनी दोन्ही मोजे काढले.

थंडीतल्या दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं, आणि त्या उन्हात दहा नखं काळपट लाल, काठोकाठ, कुठेही कातडीला न लागता रंगवलेली.

तपासनिसांनी चष्मा चढवला. ते गुडघ्यांवर बसले, आधी उजवा पाय हातात घेतला, मग डावा. टाचा पाहिल्या, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, एका नखावर अंगठा फिरवला. "जखम नाही," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "जखम नाही." आणि ताईंचा पाय तसाच हातात धरून फरशीवर बसून राहिले.

"रंग आहे, अहो," ताई म्हणाल्या. "नुसता रंग."

हे कोणासाठी, असं त्यांनी या वेळी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला मात्र नेलं. कबुलीजबाबावर दावा निकाली काढायची त्यांची पद्धतच नव्हती. रक्त निर्दोष निघालं, साखरही चहात परत आली.

गोष्ट इथे संपली असती तर सगळं गोड झालं असतं. पण माणसांना प्रेमाचं भरतं आलं की ती काय करतील याचा नेम नसतो.

सुनेला सासूचं हे रूप फारच भावलं. "आई, तुम्ही किती गोड आहात," ती म्हणाली, आणि चौथ्या दिवशी चोवीस रंगांची पेटी घेऊन आली. त्यात चमकीचे चार होते. मुलाने बाहेरच्या खोलीत, अगदी मधोमध, एक ऐसपैस खुर्ची आणि वाचायचा दिवा आणून ठेवला. "आता लपूनछपून वाचायचं नाही," त्याने बजावलं. शेजारीपाजारी बातमी गेली. जिन्यात भेटलेली एक बाई ताईंच्या बुटांकडे बघून गालातल्या गालात हसली.

तपासनिसांनी तर प्रकरण अंगावरच घेतलं. पुढच्या मंगळवारी ताई मागच्या खोलीत बसल्या तर दार लोटून ते आत. "आता आपल्यात कसली लपवाछपवी?" असं म्हणून त्यांनी स्टूल ओढलं. "आज कोणता?" ताईंनी बाटली दाखवली. "हा मागच्याच आठवड्यात नव्हता का?" मग ते लक्ष देऊन बघत बसले. "करंगळीला थोडा कमी पडलाय," ते मदत म्हणून म्हणाले. रंग वाळेपर्यंत त्यांनी ताईंचं पुस्तक उचललं. वेष्टण आता नव्हतंच. ताईंनी श्वास रोखून धरला. सतरा मिनिटं झाली असतील.

"ती नर्स," तपासनीस म्हणाले आणि पुस्तक परत दिलं.

नर्सच होती.

तीन मंगळवार असे गेले. चौथ्या मंगळवारी ताईंनी डबा काढला नाही. त्या बाहेर मधोमधच्या खुर्चीत दिव्याखाली बसून पालेभाजी निवडू लागल्या. मोज्यांच्या आत काही नव्हतं, उशीखाली काही नव्हतं. सगळ्यांनी भरभरून दिलं होतं आणि त्या एका तासाला ते नेमकं पुरून उरलं होतं. आपल्याला खरंच मधुमेह झाला असता तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते मनात आल्याबद्दल त्यांनी स्वतःला दोन शब्द सुनावलेही. पण मनात आलं ते आलंच.

"का गं, आज रंग नाही?" तपासनिसांनी विचारलं.

"कंटाळा आला," ताई म्हणाल्या. तपासनिसांचा चेहरा पडला. काहीतरी आपल्या हातून झालंय एवढं त्यांना कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. ताईंना त्यांची दया आली. दया आली म्हणून तर काहीतरी करणं भाग होतं.

सोमवारी त्यांनी रद्दीच्या दुकानातून एक जाडजूड पुस्तक आणलं. शिवण उसवलेली, पानं हातात येणारी. शेवटची बावीस पानं त्यांनी तिथेच सोडवून पर्समध्ये टाकली आणि तळघरात दुपारच्या सुटीत, चहाबरोबर, आधी तीच वाचली. आयुष्यात पहिल्यांदा त्या शेवटापासून वाचत होत्या. जहागीरदाराच्या बायकोचा भाऊ निघाला. छान जमवलं होतं.

मंगळवारी सकाळी त्यांनी ते पुस्तक तपासनिसांच्या हातात दिलं. "हे तुम्ही वाचा. शेवटची पानं नाहीत याला. माझ्या एका ओळखीच्या बाईकडे पूर्ण प्रत आहे, तिने मला शेवट सांगितलाय. तुम्ही ओळखा, मी बरोबर की चूक ते सांगते."

तपासनिसांचे डोळे लकाकले. ते मधोमधच्या खुर्चीत बसले, दिवा लावला. ताईंनी भांडी आवरली, ओटा पुसला. मागच्या खोलीच्या दाराशी त्या पोचतात तोच मागून आवाज आला.

"बायकोचा भाऊ."

पान एकतीस.

ताईंनी वळून पाहिलं. तपासनीस पुस्तक मिटून, चष्मा कपाळावर सारून, शाबासकीची वाट बघत होते. गोदामं, बैल, नर्स, डॉक्टर, सगळ्यांची अचूक उत्तरं देणारा माणूस. ताई एकतीस वर्षं तळघरात उभ्या होत्या आणि जे पक्कं नाही त्याला त्यांनी कधी पक्कं म्हटलं नव्हतं. जे पक्कं आहे त्याला नाही म्हणायची तर वेळच आली नव्हती.

"नाही," त्या म्हणाल्या.

"शक्य नाही."

"मधुमेहाच्या वेळी तरी चूक कुठे शक्य वाटली होती?"

तपासनिसांनी चष्मा खाली घेतला. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या, आणि त्या आठ्यांमागे एक हुरूप होता, जो निवृत्त झाल्यापासून ताईंनी पाहिला नव्हता. ताईंना वाईट वाटलं का? वाटलं. दोनेक क्षण चांगलंच वाटलं.

"पहिल्यापासून बघावं लागेल," तपासनीस पहिलं पान उघडत पुटपुटले. मग मान वर न करता म्हणाले, "तू दार लावून घे गं. मला जरा शांतता लागेल."

ताईंनी लावून घेतलं.